सुपलीवरचा मोजा

कोंडा हे कुत्र्याचं नाव, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढे घोटाळा व्हायचा. रंग गव्हाच्या कोंड्याचा, एक कान उभा, एक पडलेला, आणि उंची एवढीच की पिठाच्या डब्याआड बसला तर शोधावा लागे. नऊ वर्षांपूर्वी कुणीतरी त्याला गिरणीच्या पायरीवर सोडून दिलं होतं. गिरणीवाल्याला सगळा बाजार मामा म्हणत असे. मामांनी त्याला आत घेतलं ते मामींच्या हट्टापायी, आणि वर पंधरा दिवस नाक मुरडलं. आता मामींना जाऊन चार वर्षं झाली होती आणि कोंडा मामांच्या खाटेशेजारी झोपत होता. कूस बदलली की मामांचा हात आपोआप खाली जाई, त्या पडलेल्या कानाला लागे, आणि मगच त्यांचा डोळा लागे.

कोंडा फुकटचं खात नव्हता. गिरणी म्हटली की धान्य आलं, आणि धान्य म्हटलं की उंदीर आले. या कामात त्याचा हात धरणारा सबंध बाजारात कुणी नव्हता. मामांच्या कामाची ठरलेली लय होती. गिऱ्हाइकाचा डबा पत्र्याच्या सुपलीनं भरायचा, सुपलीला चिकटलेलं पीठ झटकायला ती डब्याच्या काठावर दोनदा आपटायची, टक टक, आणि वाकून भिंतीकडचं पुढचं पोतं ओढायचं. पोतं हललं की मागून उंदीर सुटे आणि कोंडा त्याच्यावर. एका झटक्यात काम तमाम. मग शिकार मामांच्या चपलेपाशी आणून ठेवायची आणि बिस्कीट घ्यायचं.

"मी काही शिकवलं नाही हो," मामा गिऱ्हाइकांना छाती फुगवून सांगत. "उपजतच आहे त्याला."

यातलं निम्मं खोटं होतं. पण ते मामांनाच ठाऊक नव्हतं.

एका दुपारी लेक आली. सोबत दोन बॅगा, आठ वर्षांची मुलगी आणि एक पिंजरा. "थोडे दिवस राहते," ती म्हणाली. मामांनी काही विचारलं नाही. जावई हात उचलणाऱ्यातला नव्हता, पण त्याचं पाऊल दारात पडलं की घरातली बोलणी बंद होत, एवढं मामांना माहीत होतं. फोनवर लेक कधीमधी म्हणायची, "बाबा, इथे जरा कठीण होतंय." आणि मामा म्हणायचे, "चालायचंच." गिरणीचा पट्टा तुटला तरी ते चालायचंच म्हणत, वीज गेली तरी, गुडघा दुखला तरी. शब्द तोंडात बसलेला होता, कुठंही लागू पडायचा.

नात तान्ही असताना मामांनीच तिला मुंगी म्हणायला सुरुवात केली होती, ते नाव चिकटलं. मुंगी बोलायची थोडं आणि बघायची फार. पिंजऱ्यात तिचे दोन गिनीपिग होते. एक गुबगुबीत, पांढरा आणि तपकिरी, त्याचं नाव फुगा. दुसरं काळं, छोटंसं, ते बटण.

"शेपूट कुठंय यांचं?" मामांनी वाकून विचारलं.

"नसतंच," मुंगी म्हणाली. त्या दिवशी ती बोललेला हा एकमेव शब्द.

तेवढ्यात बटणाला भूक लागली आणि ते ओरडलं, "वीऽऽक!" खाली गिरणीत झोपलेला कोंडा जिन्याच्या पायऱ्या गाळत वर आला. गुडघ्याएवढा जीव, पण डोळे असे पेटलेले की लेकीनं किंचाळून पिंजरा डोक्यावर उचलून धरला. मामांनी कोंड्याला कवेत घट्ट धरलं तेव्हा त्याचं सगळं अंग थरथरत होतं. नऊ वर्षं जे केलं म्हणून बिस्कीट मिळालं, तेच करायला तो आला होता. त्याचं तरी काय चुकलं?

"बाबा, हा खाली गिरणीतच राहू दे."

"तो वर झोपतो गं. चार वर्षं झाली."

"मग आम्हाला दुसरीकडे खोली बघावी लागेल." लेक रागावली नव्हती, दमली होती. "मुंगीनं तिकडून काही आणलं नाही, बाबा. खेळणी नाहीत, पुस्तकं नाहीत. हे दोघं तेवढे छातीशी धरून आणलेत. यांना काही झालं तर मी तिला काय सांगू?"

चार वर्षं या दोन खोल्यांमध्ये मामा भांड्यांशी बोलत होते. आता कुठं दोरीवर छोटे फ्रॉक वाळताना दिसणार होते. आणि दुसऱ्या बाजूला तो पडलेला कान. "मला एक महिना दे," ते म्हणाले. "महिन्याभरात जमलं नाही तर तू म्हणशील तसं."

जनावरांच्या डॉक्टरीणबाई स्पष्टवक्त्या होत्या. त्यांनी कोंड्याचे दात बघितले, त्याचं कर्तृत्व ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मामा, याची आणि त्यांची गट्टी जमेल असली स्वप्नं बघू नका. जमायला नकोच आहे. याला ते दिसूनही याचा जीव शांत राहिला, की भरून पावलो म्हणायचं."

"म्हणजे हा शहाणा होईल ना?"

"होईल थोडाफार. पण कुत्र्यापेक्षा दार शहाणं असतं, हे विसरायचं नाही."

मग घरात डॉक्टरीणबाईंचा कायदा लागू झाला. गिनीपिग आतल्या खोलीत, पिंजरा लोखंडी टेबलावर, वर जाळीचं झाकण आणि झाकणाला दोन कड्या. आत लपायला खोकी, दोघांना दोन. खोलीचं दार कायम बंद, आणि कोंडा त्यांच्याबरोबर एकटा एक मिनिटही नाही. पहिला आठवडा त्याला नुसतं पिंजऱ्यातलं फडकं हुंगायला दिलं. दुसऱ्या आठवड्यापासून रोज दहा मिनिटं शिकवणी: कोंड्याला खिडकीच्या गजाला बांधायचं, पिंजरा खोलीच्या दुसऱ्या टोकाला, आणि त्यानं नजर तिकडून काढून आपल्याकडे वळवली की बिस्कीट. टक लावून बघत बसला तर खोलीबाहेर. मुंगीला त्यांनी एक वही दिली. "रोज काय झालं ते लिहायचं. कोण होतं, काय करत होतं, कोंडा कसा वागला. सगळं. मला वाचायचंय."

मुंगीला हे काम फारच मानवलं. शाळेतून आली की ती कोंड्यासमोर मांडी घालून बसे. आणि आश्चर्य म्हणजे नऊ वर्षांचा तो उंदीरमार दोन आठवड्यांत बिस्किटाच्या आशेनं मुंगीच्या तोंडाकडे बघत बसायला शिकला. मागे बटण वीक वीक करून घर डोक्यावर घेई, याचा एक कान फिरे आणि परत जागेवर येई. सकाळी लेक गवत घालायला जाई तेव्हाही तो दारातून निमूट बघे. लेक एकदा चक्क त्याच्या डोक्यावरून हात फिरवून कामाला गेली. चष्म्याच्या दुकानात ती काचा घासायची, तिचे हात कायम गार असत. कोंड्यानं ते चाटले.

सगळं सुरळीत होतं, फक्त मामा असले की बिनसायचं.

संध्याकाळी सहाला गिरणी बंद करून मामा वर येत आणि गिनीपिगांना काकडीच्या साली, गाजराचा पाला घालत. तेवढं काम त्यांनी हौसेनं मागून घेतलं होतं. आणि नेमका त्या वेळी कोंडा बिघडे. आता आता शांत बसलेला, एकदम उसळे, दोरीला हिसके देई, तोंडातून फेस. मामांना हे फार लागलं. मी याला पायरीवरून उचलला, मी याला भरवलं, आणि हा सगळ्यांचं ऐकतो नि माझ्यासमोरच तमाशा करतो? ते कोंड्यावर ओरडले, त्याला समजावलं, एकदा तर डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "अरे, माझी लाज राख." कोंड्यानं शेपूट हलवलं.

तिसऱ्या आठवड्यात व्हायचं ते झालं. डॉक्टरीणबाईंनी मजबूत दोरी घ्यायला सांगितली होती. मामांनी गिरणीच्या जुन्या पट्ट्यातून पट्टी कापून घरीच दोरी केली होती. एवढं यंत्र ओढलं त्यानं, कुत्रं काय जड आहे, असा त्यांचा हिशेब. त्या संध्याकाळी मामांनी वाटी पिंजऱ्यात रिकामी करून झाकणाच्या कड्या लावल्या, आणि मागे फट्‌दिशी आवाज झाला. पट्टी तुटली होती. कोंडा थेट टेबलावर. झाकणावर त्याचे पंजे आदळले, पिंजरा सरकला, टेबलाच्या कडेपर्यंत आला आणि थांबला. झाकणाच्या कड्या निघाल्या नाहीत म्हणून दोन जीव वाचले. मामांनी कोंड्याला मानेला धरून बाहेर काढलं, दार लावलं आणि तिथंच जमिनीवर बसले.

बटण खोक्यात पळालं होतं. फुगा मात्र उघड्यावर जसा होता तसा थिजून राहिला. लेक सातला आली तरी तो हलला नव्हता. सकाळपर्यंत त्यानं गवताची काडीही तोंडात घेतली नाही.

"भीतीनं खाणं सोडलं तर यांचं पोट बंद पडतं," डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. "आजच्या आज पोटात गेलं पाहिजे. ही भुकटी पाण्यात कालवून बिनसुईच्या सिरिंजनं भरवा. थोडं थोडं, दर दोन तासांनी."

त्या दिवशी, कित्येक वर्षांत पहिल्यांदा, गिरणी बंद राहिली. भुकटीत बारीक खडे होते, सिरिंज सारखी अडकत होती. मामांनी खाली जाऊन सगळ्यात बारीक चाळण आणली आणि भुकटी दोनदा चाळली. पिठातलं त्यांना कुणी शिकवायला नको होतं. मग फुग्याला पंच्यात गुंडाळून ते मांडीवर घेऊन बसले आणि ओठांच्या कडेनं थेंब थेंब सोडू लागले. मुंगी शाळा बुडवून शेजारी बसली होती.

"हा हलत का नाही?" मामा पुटपुटले. "कोंडा तर खाली आहे, दार बंद आहे."

"घाबरलं की नाही हलायचं," मुंगी म्हणाली. "हललं की दिसतो ना आपण. मीपण नाही हलायचे, पप्पांचा आवाज आला की."

मामांचा हात सिरिंजवर तसाच राहिला. आठ वर्षांची पोर हे असं सांगत होती, जणू वेणी कशी घालतात ते सांगतेय. त्यांनी दुसऱ्या हातानं तिला जवळ ओढलं आणि तिच्या डोक्यावर हनुवटी टेकून बसले. दुपारी तीनला फुग्यानं स्वतःहून तोंड हलवलं. पाच वाजता त्यानं कोथिंबिरीची एक काडी ओढून घेतली. मामांचा जीव भांड्यात पडला.

लेकीनं आवाज चढवला नाही, तेच मामांना जास्त लागलं. "रविवारी एक खोली बघायला जातेय," ती म्हणाली. "तुमच्यावर राग नाही, बाबा."

मामांनी दोन दिवस विचार केला. मग धान्याच्या व्यापाऱ्याला निरोप धाडला. त्याला गोदामासाठी असं कुत्रं कधीचं हवं होतं. शनिवारी दुपारी चारला तो येऊन घेऊन जाणार होता. मुंगी हलत नाही तिथं तिला परत जायला लागू नये, दुसऱ्या कुणाच्या खोलीत पाहुण्यासारखं राहायला लागू नये, त्यापुढे आपल्या झोपेची काय मोठी बिशाद, असं त्यांनी स्वतःला बजावलं. शनिवारी त्यांनी कोंड्याला साबण लावून आंघोळ घातली, त्याचं अंथरूण गुंडाळलं आणि स्वयंपाकघरात तोंड लपवून बसले.

मुंगी वही घेऊन आली. "आजोबा, तो सहा वेळा उसळला."

"माहीत आहे बाळा."

"सहाही वेळा तुम्ही खायला घालत होता. मी घालते तेव्हा नाही, आई घालते तेव्हा नाही."

"माझ्यावर राग असेल त्याचा."

मुंगीनं नाही म्हणून मान हलवली. तिनं ओट्यावरची स्टीलची वाटी उचलली. "तुम्ही खायला घातल्यावर असं करता," ती म्हणाली, आणि वाटी डब्याच्या काठावर दोनदा आपटली. टक टक.

आंघोळीनं सुस्तावून दारात झोपलेला कोंडा ताडकन उभा राहिला. पडलेला कानसुद्धा उभा. अंगाला तीच थरथर. आतल्या खोलीच्या बंद दाराकडे बघून त्यानं मामांकडे बघितलं. आता सोडा म्हणणारी ती नजर मामांनी नऊ वर्षं रोज बघितली होती.

"तुम्हीच त्याला सांगता, आजोबा," मुंगी म्हणाली. "पकड म्हणून."

मामांना गिरणीतली सुपली आठवली. किती हजार डबे भरले असतील, तितक्या वेळा ती टकटक. त्यांच्या लेखी ते पीठ झटकणं होतं, कुत्र्याच्या लेखी हुकूम. शिकवलं नाही म्हणून मिरवत आले, आणि शिकवलं ते हे! रोज संध्याकाळी मायेनं साली घालायच्या, वर स्वतःच्या हातानं मारायचा हुकूम सोडायचा, आणि तो पाळला म्हणून त्यालाच ओरडायचं. कोंडा बिचारा त्यांची लाजच राखत होता. मामांनी त्याला जवळ घेतलं. त्याच्या ओल्या मानेत तोंड खुपसून ते रडले, नातीसमोर, अजिबात न लपवता.

चारला व्यापारी आला, चहा पिऊन रिकाम्या हातानं परत गेला.

संध्याकाळी लेक आली तेव्हा मुंगीनं तिला सगळा प्रयोग करून दाखवला. टकटक केलं की कोंडा उठतो, नुसतीच वाटी ठेवली की उठत नाही. लेक आधी हसली. मग हसता हसता थांबली.

"तुम्हाला खरंच माहीत नव्हतं, बाबा?"

"देवाशपथ नाही गं. हाताची सवय. करतोय हेच कळत नव्हतं."

लेकीनं वाटी उचलून हातात फिरवली. "मला वाटायचं, तुम्हाला सगळं कळतंय," ती म्हणाली. "मी फोन करायचे, सांगायला सुरुवात करायचे, आणि तुम्ही म्हणायचात चालायचंच. मी ठेवून द्यायचे. म्हटलं, बाबा म्हणताहेत म्हणजे सहन करायचं असतं. तीन वर्षं मी ते ऐकून राहिले तिथं."

मामांना वाटलं होतं, कोंड्याबद्दल कळलं तेव्हाच आपण तळ गाठला. तसं नव्हतं. त्यांना त्यातला एकही फोन नीट आठवत नव्हता. तिला सगळे आठवत होते.

"चुकलो मी," ते म्हणाले. "फार चुकलो गं. नुसती तोंडाची सवय होती ती. तू काय सांगत होतीस ते मी ऐकलंच नाही."

लेकीनं डोळे पुसले आणि दुसरीकडे बघत म्हणाली, "त्याचा आज दुकानात फोन आला होता. परत ये म्हणतोय. सगळ्यांच्याच घरात भांडणं होतात म्हणतोय."

मामांचं तोंड उघडलं. तो शब्द जिभेवर आलाच होता, वर्षानुवर्षांच्या वाटेनं. त्यांनी तोंड मिटलं. मग सावकाश, एकेक शब्द चाळून काढल्यासारखं म्हणाले, "नाही चालायचं. तिकडे जायचं नाही. आणि खोलीही बघायची नाही, तुला इथं राहायचं असेल तर. तू सांग, मी ऐकतोय."

ती सांगत राहिली. मुंगीला जेवायला वाढून, झोपवून, परत येऊन सांगत राहिली. मामांनी मध्ये एक अक्षर काढलं नाही.

रविवारी त्यांनी बाजारातून नवी जाड दोरी आणली आणि दाराला आणखी एक कडी बसवली. कारण कळलं तरी खोड नऊ वर्षांची, आणि दार ते दार. साली घालायचं काम मुंगीनं मामांकडे परत दिलं, पण वाटी प्लास्टिकची. गिरणीत उंदरांसाठी पिंजरे आले, कोंड्याला पेन्शन मिळाली.

सोमवारी पहिलंच गिऱ्हाईक म्हणजे कोपऱ्यावरच्या शिवणकामवाल्या बाई. डबा पुढे करता करता त्या थबकल्या. मामांच्या पत्र्याच्या सुपलीला पट्ट्यापट्ट्यांचा एक छोटासा मोजा घातलेला होता, वर रबरानं घट्ट बांधलेला.

"हे काय मामा? सुपलीला थंडी वाजते का?"

मामांनी डबा भरला. हातानं सवयीनं सुपली डब्याच्या काठावर दोनदा आपटली, आणि काही आवाज झाला नाही. पायाशी झोपलेला कोंडा झोपलेलाच राहिला.

"नातीनं घातलाय," मामा म्हणाले. "वर माझी माणसं राहतात."